बहिरू सुतारांचं माप

बहिरू सुतारांना इंच कळत नव्हता असं नाही. त्यांच्या पेटीत घडीची पट्टी होती, आकडेही वाचता यायचे. फक्त त्यांचा आकड्यांवर भरवसा नव्हता. कुणी काही करायला सांगितलं की ते आधी विचारायचे, वापरणार कोण? माणूस समोर उभा राहिल्याशिवाय ते कुऱ्हाडीला दांडासुद्धा बसवत नसत. नांगराची मूठ धरणाऱ्याच्या कमरेला यायला हवी, मुसळ कांडणारीच्या खांद्याला. दोऱ्याने माप घ्यायचं, दोऱ्याला गाठ मारायची, की झालं. बायकांचं माप त्यांच्या कारभारीण गोजराबाई घ्यायच्या आणि गाठ मारलेला दोरा आणून नवऱ्याच्या हातात द्यायच्या. बहिरूने केलेला नांगर दुसऱ्याने उसना नेला तर पाठ धरते, असं माण गावातली जुनी माणसं सांगायची.

मी मूळचा जालन्याकडचा. २००४ साली हिंजवडीतल्या एका कंपनीत लागलो आणि माणमध्ये बहिरू सुतारांच्या दोन पत्र्याच्या खोल्यांपैकी एक भाड्याने घेतली. तोवर गावात नांगर उरले नव्हते. बऱ्याच जमिनी कंपन्यांखाली गेल्या होत्या, ज्यांच्या राहिल्या होत्या ते त्यांवर खोल्या बांधत होते आणि खोल्यांना लागणारी दारं दुकानात तयार मिळत होती. बहिरूबाबा अशा दारापाशी थांबायचे, बोटाच्या पेराने एक ठोका मारायचे, आतला पोकळ आवाज ऐकायचे आणि पुढे जायचे. मला त्यांचा राग यायचा. लाकडाच्या बाबतीत एवढा ताठा कशाला, असं वाटायचं. पण मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला पुष्कळ गोष्टींचा राग यायचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा शंभू. त्याने सुतारकीला हात लावला नाही. पुण्यातल्या एका कंपनीकडून त्याने गावातल्या इंटरनेटचं काम घेतलं होतं. गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासारखीच भाड्याने राहणारी मंडळी. शंभू चांगला सहा फूट उंच, हसरा, सगळ्या गच्च्या त्याला पाठ. तो गच्च्यांवरून तारा ओढायचा आणि त्याची बायको अपेक्षा घरातल्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी बसून फोन घ्यायची. ती उरवड्याची. बारावी झालेली, लग्नाआधी तिकडच्याच एका कारखान्यात पॅकिंगला होती. उंचीने शंभूच्या खांद्याच्याही खाली. कुणाची तार कुठल्या भोकात जाते, कुठला दिवा विझला की कोणाचा फोन येणार, हे तिला तोंडपाठ होतं. फोनवर ती आमच्यासारख्या इंजिनियरांना बिनदिक्कत सांगायची, की आधी तुमचं बटण बघा, मग आमची तार. सासऱ्यांसमोर मात्र डोक्यावर पदर आणि तोंडातून शब्द नाही. बहिरूबाबाही तिच्याशी थेट बोलत नसत. ती दोन हातांवर उभी असली तरी गोजरामावशींना म्हणायचे, "तिला सांग, पाणी दे." मग मावशी सांगायच्या आणि ती पाणी द्यायची. मला हे सगळं फार विचित्र वाटायचं, आणि त्या घरात कुणालाच वाटायचं नाही.

२००६च्या श्रावणात शंभू गेला. एका नव्या इमारतीला अजून जिना झाला नव्हता. वर तार न्यायची होती, म्हणून तो पाण्याच्या पाइपला धरून चढला. पाइप पावसाने ओला होता. मी ऑफिसात होतो. घरी आलो तेव्हा दारात इतक्या चपला होत्या की मला आत जायची हिंमत होईना.

दिवस झाले, पाहुणे गेले. शंभूच्या मित्रांपैकी कुणी ना कुणी गच्चीवर चढून काम निभावून नेत होतं आणि अपेक्षा फोन घेत होती. पुढच्याच महिन्यात इंटरनेटच्या कंपनीचा माणूस पाहणीला आला. शंभूने आपली यंत्रं जुन्या टीव्हीच्या टेबलावर, एक फळांच्या खोक्यावर, बॅटऱ्या जमिनीवर अशी मांडली होती. शंभू होता तोवर सगळं चालून जायचं. त्या माणसाने दोन गोष्टी सांगितल्या. सगळी यंत्रं नीट एका कपाटात, धुळीपासून लांब आणि वारा लागेल अशी बसली पाहिजेत. आणि हे काम घरातलं कोण सांभाळणार ते कागदावर लिहून दिलं पाहिजे. दिवाळीनंतर तो परत येणार होता. तोवर जमलं नाही, तर माणचं काम शेजारच्या नेऱ्यात हेच काम करणाऱ्या दयानंदकडे जाईल. दयानंद वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे चार पोरं कामाला होती आणि त्याने शंभूला खांदा दिला होता.

अपेक्षाचा भाऊ तिला न्यायला दोनदा येऊन गेला होता. एकदा मी माझी बंद पडलेली तार दाखवायला गेलो तेव्हा ती एकटी होती. मी विचारलं, जाणार का उरवड्याला? तिने कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही.

"भाऊ चांगला हाय," ती म्हणाली. "पण तितं गेले की मी पाव्हणी. हितं मला लोकं कामासाठी फोन करत्यात."

ही एवढीच गोष्ट होती. काम राहिलं तर ती राहणार होती, तिच्या स्वतःच्या जागी. काम गेलं तर भावाच्या घरी एका कोपऱ्यात.

कपाटाचं मी मनावर घेतलं. पुण्यात पत्र्याची तयार कपाटं मिळत होती, एक बघूनही आलो. त्या दिवशी संध्याकाळी गोजरामावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दहाव्यापासून ह्यांनी पेटी उघडलेली नाही. दिवसभर ओट्यावर बसतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. घरात सुतार असताना पत्र्याचं कपाट आलं तर ते पेटी कधीच उघडणार नाहीत. मला त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मग मी माझ्या स्वभावाला धरून कागदावर सुबक चित्र काढलं. सगळी मापं मिलिमीटरमध्ये. यंत्रांची रुंदी जगभर एकच असते, एकोणीस इंच, हेही समजावून सांगितलं. बहिरूबाबांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला, घडी घातली आणि तंबाखूच्या डबीखाली ठेवला. म्हणाले, "वस्तू आना." मी एकेक यंत्र नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. सगळ्यांच्या तारा ज्यात जातात तो चोवीस भोकांचा सपाट डबा त्यांनी मांडीवर घेतला. वजन पाहिलं, कानाजवळ नेला, चालू असताना बाजूंवर तळहात ठेवून पाहिला. तापतो कुठे, श्वास कुठून घेतो, तारा वरून येतात की खालून, बॅटरी कलंडली तर काय होतं, सगळं विचारलं. अशी विचारपूस मी आमच्या ऑफिसातही कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडून मावशींचं रडणंही ऐकू आलं.

लाकूड घरातच होतं. वर एक खोली चढवायची शंभूच्या मनात होती. तिच्या दारासाठी सागाच्या फळ्या दोन वर्षं माळ्यावर वाळत पडल्या होत्या. बहिरूबाबांनी त्या उतरवल्या. अकरा दिवस ओट्यावर रंधा चालला. पुढचे दोन खांब त्यांनी असे उभे केले की यंत्राचे कान, म्हणजे बाजूंच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या, त्यांवर टेकून बसावेत. स्क्रूची भोकं प्रत्येक यंत्र लावून, गिरमिटाने हाताने पाडली. मागच्या बाजूला दुधाच्या कपाटाला असते तशी जाळी ठोकली. बॅटऱ्या तळाला, त्यावर त्यांचा इन्व्हर्टर, आणि सगळ्यात वर, छतातून तारा उतरतात तिथे, दिव्यांचे चोवीस भोकांचे दोन डबे. आषाढात पुढच्या खोलीत घोट्याइतकं पाणी शिरतं, म्हणून खाली पाय दिले, गुडघ्यापर्यंत उंच. सांध्यात कुठे खिळा नाही. मी दाढी करता करता खिडकीतून बघायचो आणि मला माझ्या चित्राची लाज वाटायची.

कपाट जागेवर बसलं तेव्हा मी त्याच्यापुढे उभा राहिलो. वरचे दिवे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर, तारा हाताच्या सहज अंतरावर. मी पाच फूट अकरा इंच. म्हटलं, बाबा, उत्तम झालंय. त्यांनी मान हलवली. यंत्रं सगळी मीच चढवली, तारा मीच लावल्या. अपेक्षा तेव्हा आत स्वयंपाक करत होती. तिला बाहेर बोलवावं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

दिवाळी झाल्यावर बुधवारी कंपनीचा माणूस आला. त्याने कपाटाभोवती फेरी मारली, जाळीतून हात घालून वारा लागतो का ते पाहिलं आणि मनापासून म्हणाला, की असं कपाट त्याने अजून कुठल्या गावात पाहिलं नाही. मग अपेक्षाकडे वळून सांगितलं, की समजा अकरा नंबरवाल्याची तक्रार आली, तर त्याची तार काढून एकोणीसमध्ये घालून दाखवा. साधं काम. शंभू हे फोनवर बोलता बोलता करायचा.

ती पुढे झाली. हात वर केला तर बोटं डब्याच्या खालच्या कडेला टेकली. टाचा उचलल्या. आता दोन्ही हात वर गेले आणि डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला. तो सावरायला हात मोकळा नव्हता. दारात उभ्या असलेल्या बहिरूबाबांनी मान दुसरीकडे वळवली. तिला भोकांचे आकडे दिसत नव्हते. चाचपून तिने एक तार ओढली, ती नेमकी पलीकडच्या इमारतीची निघाली. तिथल्या सगळ्या खोल्यांचं नेट गेलं आणि दोन मिनिटांत फोन वाजायला लागला. तिने तो उचलला नाही. चुकलेली तार परत कुठे घालायची हे तिला माहीत होतं, हात पोचत नव्हता. शेवटी मी घातली.

तो माणूस काही उद्धटपणे बोलला नाही, उलट ओशाळल्यासारखाच झाला. म्हणाला, "यात तुमचा दोष नाही मॅडम. पण हे रोजचं काम आहे. शनिवारी मी परत येतो. तोवर एखादा माणूस बघा, नाहीतर मला दयानंदांना सांगावं लागेल. तुम्ही त्यांच्याकडे फोनवर बसू शकाल." अपेक्षा पदर सावरून आत निघून गेली. आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

मी म्हटलं, एक स्टूल आणू या. मला हे सांगताना अजूनही शरम वाटते, पण मी तेच म्हटलं.

"तिच्या घरात तिनं स्टुलावर चढून काम करायचं?" बहिरूबाबा म्हणाले. मग कपाटापाशी जाऊन त्यांनी वरच्या डब्यावर हात ठेवला. "म्या इचारलंच न्हाई, इंजनेर. सारी हयात इचारत आलो, आन् हितं इसरलो. हात आपले चालत ऱ्हायले. ह्ये त्याचं माप हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाणी घोट्याइतकं येतं, पाय गुडघ्याइतके होते. मधलं अंतर पाण्यासाठी नव्हतंच. शंभूच्या डोळ्यांसमोर दिवे यावेत एवढं उंच त्यांनी कपाट उचललं होतं. तीन महिन्यांपूर्वी ज्याला अग्नी दिला त्याच्यासाठी हा माणूस अकरा दिवस खपला होता, आणि त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. मी त्याच्याएवढाच उंच, म्हणून मलाही कळलं नाही.

उपाय सोपा होता. पाय कापायचे. मी तसं सांगितलंही. पण गुरुवार पूर्ण बहिरूबाबा कपाटासमोर बसून राहिले. करवत पेटीवर काढून ठेवलेली, हात मांडीवर. शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तरी तसेच. माझा ताबा सुटला. मी दारातूनच म्हणालो, "बाबा, शंभू आता येणार नाही. जी आहे, ती उद्या जाईल."

हे मी बोललो. गोजरामावशी चुलीपाशी होत्या, त्यांनी ऐकलं. आईच्या कानावर हे वाक्य माझ्या तोंडून जायला नको होतं. खरं असलं म्हणून काय झालं. मी चप्पल काढून तिथेच उभा राहिलो, ऑफिसला गेलो नाही.

मावशी उठल्या. त्यांनी खुंटीवरचा दोरा घेतला आणि अपेक्षाला आतल्या खोलीत बोलावलं. थोड्या वेळाने बाहेर आल्या तेव्हा दोऱ्याला दोन गाठी होत्या. एक तिच्या डोळ्यांची, एक वर केलेल्या हाताची. त्यांनी दोरा नवऱ्याच्या हातात दिला. बहिरूबाबांनी त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली जमिनीवर दाबलं आणि दोरा कपाटाच्या खांबाला लावून वर ताणला. डोळ्यांची गाठ मधल्या फळीपाशीच राहिली. ते ती गाठ बोटांनी चाचपत होते. एवढीशी पोर, असं काहीतरी पुटपुटले.

मग मला म्हणाले, डबे उतरव. आम्ही कपाट रिकामं करून आडवं केलं. त्यांनी चारी पायांवर पेन्सिलने रेघ मारली, दीड वीत. पहिल्या पायात करवत निम्म्यावर आली आणि हात थांबला. मी पुढे झालो, तर त्यांनी नुसती मान हलवली. पुन्हा करवत चालू झाली. ते रडत होते, अगदी उघड, नाक ओढत, आणि करवत सरळ रेघेवर चालली होती. मावशी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या, कापला जाणारा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून, हलू नये म्हणून. मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून तारांचा गुंता सोडवत बसलो. चार पाय कापायला दुपार झाली.

शनिवारी कंपनीचा माणूस आला. अपेक्षा कपाटासमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता. त्याने अकरा सांगितलं, तिने अकरा काढला. त्याने एकोणीस सांगायच्या आत तिने तार एकोणीसमध्ये घातली आणि कुठला दिवा का लुकलुकतो आहे ते स्वतःहून सांगितलं. तो हसला. खुर्चीवर बसून त्याने फॉर्म काढला आणि मांडीवर धरला. नाव काय लिहू, म्हणाला. तिने पूर्ण नाव सांगितलं, अपेक्षा शंभू सुतार.

त्याने नाव लिहिलं नाही. पेन तसंच धरून त्याने विचारलं, "आणि गच्चीवर कोण चढणार?"

शंभूचे मित्र कायमचे थोडेच चढणार होते. या प्रश्नाचं उत्तर आम्ही कुणी तयार ठेवलं नव्हतं. मी चढतो असं मी म्हणू शकलो असतो, पण मला नोकरी होती आणि मी कधीच घाबरल्याशिवाय जिन्याचा कठडा सोडलेला नाही. अपेक्षाने सासूकडे पाहिलं, मग समोर.

"मी चढेन," ती म्हणाली.

बहिरूबाबा ताडकन उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. पाइपवरून पडलेल्या मुलाचा बाप सुनेला वर चढू देईल, ही आशाच चुकीची होती. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. कंपनीचा माणूस म्हणाला, घरच्यांची तयारी दिसत नाही. अंगणातून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज येत होता.

ते दारात आले तेव्हा त्यांच्या मागे अंगणात दोन लांब कळक आडवे टाकलेले दिसत होते, घरामागच्या बांबूच्या बेटातले, गेल्या वर्षी तोडलेले. हातात दोरा होता. तो त्यांनी मावशींना दिला नाही. दोन वर्षांत मी जे कधी ऐकलं नव्हतं ते तेव्हा ऐकलं. त्यांनी तिला नावाने हाक मारली.

"अपेक्षा, हितं ये. शिडी करतो. पायपाला हात लावायचा न्हाई, कुटंबी गेलीस तरी. पाय उचल, जिन्यावर टाकतीस तसा."

ती ओट्यावर आली. तिने एक पाय उचलला, भिंतीला हात लावून. पायऱ्यांमधलं अंतर तिच्या पावलाचं हवं, म्हणून बहिरूबाबा तिच्यापुढे गुडघे टेकून खाली वाकले. सत्तरीचा सासरा आपल्या पायाशी वाकलेला बघून ती गडबडली, पाय मागे घ्यायला लागली, "मामा, नगा," म्हणाली. त्यांनी दोरा तिच्या तळपायाखाली धरून ठेवला होता.

"पाय मागं घिऊ नगंस," ते म्हणाले. "माप चुकंल."

ती तशीच एका पायावर थांबली, त्यांची गाठ मारून होईपर्यंत.